फुटाला एक सूत : जुन्या गाड्यांच्या ब्लॉकबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जावाच्या क्लचवर लिहिलं होतं, पण त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं ब्लॉकबद्दलची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरबद्दलची आहेत. ते साहजिक आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ मध्ये गाड्या बनायला लागल्या आणि १९९६ मध्ये तो बंद पडला. एवढ्या काळात गाडीचा ब्लॉक तीन-चार वेळा बोअर झालेला असतो, म्हणजे त्याचं आतलं गोल भोक (त्यालाही बोअरच म्हणतात) मशिनवर मोठं केलेलं असतं, नाहीतर बदललेला असतो. २०१८ नंतर जावा आणि मग येझदी ही नावं पुन्हा रस्त्यावर दिसायला लागली, पण त्या गाड्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं. त्याचा ब्लॉक आपल्या कामाचा नाही. मग बाजारात मिळतो तो कुणीतरी नव्याने ओतलेला ब्लॉक. त्याला कुणी डुप्लिकेट म्हणतं, कुणी लोकल. मी नक्कल म्हणतो, आणि त्या शब्दात मला कमीपणा दाखवायचा नाही. या वेळी सगळी जागा ब्लॉकलाच दिली आहे.

प्रश्न : नमस्कार मिस्त्रीकाका. वडिलांची १९७६ची येझदी आहे. ते गेल्यावर गाडी आठ वर्षं गोठ्यात उभी होती. आता इंजिन उघडलं तर आमचा मेकॅनिक म्हणतो, ब्लॉक डुप्लिकेट आहे, भंगारात घाला आणि ओरिजिनल शोधा. वडिलांनी तो कधी बदलला ते घरात कुणालाच माहीत नाही. ब्लॉकवर उठावाची अक्षरं आहेत, पण ती पुसट आहेत. डुप्लिकेट आहे हे ओळखायचं कसं? आणि असला तर खरंच टाकून द्यायचा का?
– एक वाचक, वाई

उत्तर : आधी एक करा, तो ब्लॉक भंगारवाल्याच्या गाड्यावर चढू देऊ नका. निकाल मोजमापानंतर लावायचा.

अक्षरांवरून काही ठरत नाही. उठावाची अक्षरं ओतताना पॅटर्नवरून, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायच्या नमुन्यावरून येतात. ज्याने जुना ब्लॉकच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, त्याच्या कास्टिंगवर जुनी अक्षरं आपोआप उतरतात. नकलेची नक्कल झाली की ती पुसट होत जातात, हे खरं. पण गंज आणि रंगाचे थर चढूनही अक्षरं पुसट होतात. म्हणून त्याला मी फक्त संशय म्हणेन, पुरावा म्हणणार नाही.

पुरावा दुसरीकडे आहे. बोअरिंगच्या धंद्यात येण्याआधी मी इथे कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पोरगा म्हणून होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात कानावर पडलेली गोष्ट अशी : बीड (ओतीव लोखंड) फुटाला एक सूत आकसतं. वितळलेलं बीड साच्यात गार होताना फुटामागे साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग), म्हणजे शंभराला एक या हिशेबाने लहान होतं. म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सुताने लांब असतो. आता कुणी तयार ब्लॉकच साच्यात दाबला, तर त्याला ही वाढ मिळालेली नसते. निघालेलं कास्टिंग मूळ ब्लॉकपेक्षा शंभराला एक लहान निघतं.

तुम्ही म्हणाल, बोअर तर बरोबर पासष्टचा आहे. असणारच. बोअर, खालची फ्लँज (ब्लॉक इंजिनवर टेकतो ती कड), वरचं तोंड या जागा मशिनवर होतात, तिथे कुणीही माप बरोबर आणतो. जिथे मशिन लागलेलं नाही तिथे मोजा. फिनची (वाऱ्याने गार होण्यासाठी बाहेर काढलेल्या पात्यांची) बाहेरून बाहेर रुंदी घ्या, पहिल्या फिनपासून शेवटच्या फिनपर्यंतचं अंतर घ्या. तुमच्याच मॉडेलच्या, खात्रीच्या ब्लॉकशेजारी ठेवून व्हर्नियर लावा. समजा त्याची रुंदी १५० मिमी भरली आणि तुमची साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास, तर जुन्या ब्लॉकवरून ओतलेली नक्कल आहे असं धरा. दोन्ही सारखे भरले तर दोन शक्यता राहतात : ओरिजिनल, किंवा चांगल्या पॅटर्नवाल्याने वाढ धरून केलेली नक्कल. दुसरी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, त्या माणसाला काम येत होतं.

मॉडेल तेच असलं पाहिजे हे मी मुद्दाम सांगतो आहे. येझदी म्हटलं की सगळे ब्लॉक एकच, असं समजून रोडकिंगचा (येझदीच्याच दुसऱ्या मॉडेलचा) ब्लॉक जुन्या गाडीच्या ब्लॉकशेजारी ठेवून निकाल देणारे लोक मी पाहिले आहेत.

ओरिजिनल की नक्कल यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पोर्ट, म्हणजे बोअरच्या भिंतीतल्या खिडक्या, कुठे आहेत हे. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट म्हणजेच व्हॉल्व्ह. पोर्ट चुकले की इंजिन चुकलं, मग ब्लॉकवर कुणाचंही नाव असो. ते घरी बसून तपासता येतं, आणि तुम्ही ते स्वतः करावं अशी माझी इच्छा आहे.

एक जाड, गुळगुळीत कागद घ्या. ६५ मिमी बोअरचा घेर २०४ मिमी होतो, तेवढ्या रुंदीची पट्टी कापा. ती गुंडाळून बोअरमध्ये सोडा आणि उघडू द्या म्हणजे भिंतीला चिकटेल. कागदाची वरची कड ब्लॉकच्या वरच्या तोंडाशी अगदी बरोबर लावा. मग बोटाला जुनं काळं ग्रीस लावून कागदावरून आतून फिरवा. पोर्टच्या कडेवरून बोट गेलं की तिथे काळी रेघ उठते. सगळ्या पोर्टवरून फिरवून झालं की कागद बाहेर काढून टेबलावर सपाट पसरा. समोर ब्लॉकचा नकाशा येतो : पुढचे दोन एक्झॉस्ट (जळालेला धूर बाहेर जातो ते), बाजूचे ट्रान्सफर (क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर येतं ते), मागचा इनलेट (कार्बोरेटरकडून मिश्रण आत येतं तो). आता दोन एक्झॉस्टच्या बरोबर मध्ये कागदाला घडी घाला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. डावी बाजू उजवीवर बसली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात असाच एक नकाशा मी टेबलावर पसरला होता. डावा ट्रान्सफर उजव्यापेक्षा सव्वा मिमी वर होता. मालकाची तक्रार अशी की गाडी हळू चालवली की गचके देते, प्लग काळा होतो, आणि तीन मेकॅनिकांनी कार्बोरेटर उघडून झाला. डावा ट्रान्सफर आधी उघडायचा, तिकडचा चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) आधी यायचा आणि समोरून त्याला अडवणारा कुणी नसल्यामुळे थेट एक्झॉस्टमधून निघून जायचा. कार्बोरेटर बिचारा काय करणार? उजवा पोर्ट डाय ग्राइंडरने डाव्याच्या बरोबरीला आणला, ब्लॉक बसवला, गाडी संथ चालायला लागली.

इथे एक सावधगिरी. पोर्ट वर नेता येतो, खाली आणता येत नाही. गेलेलं बीड परत येत नाही. म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी वरच्या तोंडापासून प्रत्येक पोर्टच्या वरच्या कडेचं अंतर लिहून ठेवा आणि डाव्या-उजव्या जोडीतला जो जास्त वर आहे त्याच्याशी जोडीतला दुसरा जुळवा. दोन्ही बाजू खात्रीच्या ब्लॉकपेक्षा सारख्याच अर्धा मिमी खाली असतील तर हात लावू नका. पंच्याहत्तर मिमी स्ट्रोकच्या या इंजिनात अर्धा मिमी म्हणजे क्रँकचा साधारण एक अंश. तेवढ्याने गाडी बिघडत नाही. फरक जास्त असेल तर ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालून सगळे पोर्ट एकदम वर घेता येतात, पण मग वरची जागा वाढते आणि कॉम्प्रेशन पडतं. ते भरून काढायला वरचं तोंड मशिनवर तेवढंच छिलून (फेस करून) घ्यावं लागतं. पिस्टन अगदी खाली असताना त्याची कड पोर्टच्या खालच्या ओठाशी सपाट येते का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

नकलेत आणखी तीन दोष मी हमखास शोधतो. पहिला, कोअर (आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) सरकलेला असणं. ब्लॉक उलटा करून खालच्या गळ्याची जाडी चार बाजूंनी मोजा. एका बाजूला पाच आणि समोर साडेतीन भरली तर ओतताना कोअर हललेला आहे. असा ब्लॉक तापला की सगळीकडून सारखा फुगत नाही. दुसरा दोष वाळू. ट्रान्सफरच्या आतल्या वळणात कोअरची वाळू बिडाला चिकटून राहिलेली असते. बोट घालून पाहा, सहाण घासल्यासारखं लागेल. ही वाळू पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सुटते, क्रँकच्या बेअरिंगमध्ये जाते आणि तिथून बोअरमध्ये येते. तारेने खरवडा, ब्रश घाला, हवा मारा, पुन्हा बोट घाला. तिसरा दोष तडा. ब्लॉक दोरीला टांगून लहान हातोडीने टकटक करा. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. संशय आला तर रॉकेल चोळून पुसून कोरडं करा आणि वर खडूची पूड लावा. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ काढतं.

एवढ्यातून तुमचा ब्लॉक पास झाला तर तो वापरा. वडिलांनी त्यावर किती वर्षं गाडी चालवली असेल ते तुम्हीच आठवा.

बोअर करायला देताना मिस्त्रीला एक सांगा : ब्लॉक खालच्या फ्लँजवर बसवून बोअर करा, वरच्या तोंडावर नको. हे मी माझ्या चुकीतून शिकलो. नवीन दुकान टाकलं त्या वर्षी एक नकलेचा ब्लॉक आला. वरचं तोंड स्वच्छ दिसलं म्हणून मी ते टेबलाला लावून बोअर केला. दोन तोंडं एकमेकांना समांतर नव्हती, ते मी तपासलंच नाही. बोअर गोल झाला, माप बरोबर आलं, पण क्रँकशी काटकोनात राहिला नाही. तो माणूस दोन महिन्यांनी परत आला. पिस्टन एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासून चकाकत होता. त्याला दुसरा ब्लॉक मी माझ्या पैशाने दिला. तेव्हापासून ब्लॉक मशिनवर चढण्याआधी त्याच्या दोन्ही तोंडांवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) फिरतं.

प्रश्न : काका, माझं मिरजेला छोटं गॅरेज आहे. एका जावाला नवीन लोकल ब्लॉक आणि ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठा) पिस्टन बसवला. बोअरिंगवाल्याने बरोबर ६५.५० बोअर करून दिला. साठ किलोमीटरवर पिस्टन पकडला. पिस्टनवर गजनपिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी ओरखडे आहेत. बोअरिंगवाला म्हणतो पिस्टन खराब, पिस्टनवाला म्हणतो बोअर खराब. दोष कुणाचा?
– एक तरुण मेकॅनिक, मिरज

उत्तर : पोरा, चार ठिकाणचे ओरखडे तुला उत्तर देतायत. पिनच्या जवळ पिस्टनमध्ये धातू जास्त असतो, तापल्यावर तिथे फुगतो आणि चार कोपऱ्यांत पकडतो. गाळा (पिस्टन आणि बोअरमधली फट) कमी पडला, किंवा इंजिन नीट गरम होण्याआधी पळवलं. तुझ्या पत्रावरून मला पहिलं कारण दिसतं.

०.५० लिहिलंय म्हणून ६५.५० बोअर करायचा, इथेच चूक झाली. पिस्टनवरचा आकडा हे त्याचं नाव आहे, माप नव्हे. एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे पिस्टन मी मायक्रोमीटरखाली घेतो तेव्हा एक ६५.४४ भरतो, दुसरा ६५.४८. तुझा दुसऱ्या जातीचा असेल तर ६५.५० बोअरमध्ये दोनच शतांश गाळा उरला. शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. या मापाच्या, हवेवर थंड होणाऱ्या, बिडाच्या ब्लॉकला मी सात शतांश ठेवतो. जुने मिस्त्री इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) म्हणायचे, तो हिशेबही तिथेच येतो.

गाळा का लागतो तेही पाहा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शंभर अंश तापमान वाढलं तर ६५ मिमीचा पिस्टन साधारण १५ शतांश वाढतो आणि बोअर सातच. त्यातून पिस्टन आत पेटत्या चार्जखाली आणि ब्लॉक बाहेर वाऱ्यात.

म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही. पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही रात्रभर एकाच टेबलावर ठेव, सकाळी मोज. उन्हातून आणलेला ब्लॉक आणि कपाटातला पिस्टन यांची मापं एकमेकांशी बोलत नाहीत. पिस्टन मोजायचा स्कर्टवर, खालून सुमारे एक सेंटीमीटर वर आणि पिनला काटकोनात. डोक्यावर मोजू नकोस, तिथे तो मुद्दाम लहान केलेला असतो. बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी डायल गेजने घ्यायचा.

आता तुझं काम वाचेल का? वाचेल, असं वाटतं. बोअरमध्ये पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने सुटतं. बिडाला त्याचा त्रास होत नाही. हातमोजे आणि चष्मा घाल, उघड्यावर कर, नंतर भरपूर पाण्याने धू. खालचं बीड नखाला लागण्याइतकं ओरबाडलं नसेल तर पाच शतांश होनिंग (दगडाने बोअरची बारीक घासणी) करून घे. पिस्टनवरच्या रिंगच्या खाचा चेपल्या असतील तर पिस्टन नवा घाल आणि त्याच्याच मापाने होन करून घे.

होनिंगनंतर पोर्टच्या कडा मारायला विसरू नकोस. नवीन ब्लॉकला बोअरिंगनंतर पोर्टची कड सुरीसारखी होते. रिंग तिथे थोडी बाहेर फुगते आणि परत आत येताना कडेला अडते. बारीक गोल कानस आणि एमरी घेऊन प्रत्येक कड अर्धा मिमी मार, वरची आणि खालची जास्त काळजीने. करंगळी फिरवून पाहा, कुठेही अडायला नको. नकलेच्या ब्लॉकमध्ये हे काम कुणी केलेलं नसतंच असं धरून चाल.

त्यानंतर पेट्रोलने पुसून काम संपवू नकोस. होनिंगची बारीक भुकटी बिडाच्या छिद्रांत बसते आणि पेट्रोल तिला आणखी आत ढकलतं. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आतून फिरवलं तर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग लगेच तेलाचा हात, नाहीतर दहा मिनिटांत बोअर तांबूस होतो.

रिंग एकेक करून बोअरमध्ये सरळ बसव आणि तोंडातली फट फिलर गेजने पाहा. पाव मिमीच्या आसपास हवी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आणि रिंगची तोंडं खाचेतल्या बारीक पिनवर नीट बसलेली. गाडी देताना मालकाला सांग, पहिले पाचशे किलोमीटर पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी तेल, घाटात चढणीवर एका दमात पिळायची नाही, आणि उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून लांबवर सोडायची नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद.

एक गोष्ट बोअरिंगवाल्याला विचार : कट मारताना चुरा कसा पडला? चांगल्या ग्रे बिडाचा चुरा भुगा होऊन पडतो आणि चिमटीत घेतला की ग्रॅफाइटमुळे बोटं पेन्सिलीसारखी काळी होतात. टूल किंचाळत असेल, मध्येच चकाकणारे कडक ठिपके येत असतील, तर ते बीड साच्यात फार लवकर गार झालेलं आहे. असा ब्लॉक परत करायचा. कट मारताना पोकळ भोकं उघडली आणि ती रिंगच्या वाटेत असतील, तरीही परत. या दोन दोषांवर मिस्त्रीकडे इलाज नाही.

प्रश्न : माझी १९७८ची बुलेट ३५० आहे. बोअर ४० थाऊवर जाऊन संपला. एक जण म्हणतो स्लीव्ह (आत बसवायची बिडाची नळी) बसवा, दुसरा म्हणतो पिस्टनसकट नवीन बॅरल (ब्लॉक) घ्या, कमी कटकट. इथल्या दमट हवेत कुठलं टिकेल? आणि आधीच स्लीव्ह बसलेली आहे का हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : जुन्या बॅरलच्या फिन शाबूत असतील आणि तडा नसेल तर स्लीव्ह बसवा, असं माझं स्पष्ट मत आहे. इतकी वर्षं तापून गार होऊन त्या बिडातला सगळा ताण निघून गेलेला असतो, ते आता वाकडं होत नाही. नवीन कास्टिंगची ती परीक्षा तुमच्या गाडीवर व्हायची असते.

आधी बसलेली स्लीव्ह ओळखायला बॅरलचं वरचं तोंड बारीक एमरीने स्वच्छ करा आणि रॉकेलचं बोट फिरवून पुसा. बोअरपासून दोन-तीन मिमी बाहेर केसाएवढी गोल रेघ ओली राहिली तर आत स्लीव्ह आहे.

स्लीव्ह बसवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. एक, किती घट्ट बसवणार? बिडात बिडाची स्लीव्ह दोन-अडीच थाऊ घट्ट हवी. सैल बसवून वर चिकटवणारा पदार्थ लावतो म्हणाला तर तिथून उठा. स्लीव्ह बॅरलला सगळीकडे टेकली नाही तर उष्णता फिनपर्यंत पोचत नाही आणि पिस्टन आत शिजतो. दुसरं, वर थांबायला कॉलर आहे का? स्लीव्ह खाली सरकू नये म्हणून ती हवी. बॅरल भट्टीत दोनशे अंशांपर्यंत तापवून आणि स्लीव्ह फ्रीजरमध्ये गार करून सोडली की हाताने उतरते. हातोडा लागला तर माप चुकलं. मग सत्तरच्या मूळ मापाचा पिस्टन घेऊन, त्या पिस्टनला मोजून बोअर आणि होन.

नवीन बॅरल घ्यायचीच झाली तर वरचं वाईच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा. बुलेट फोर-स्ट्रोक, म्हणून पोर्ट सोडून बाकी सगळं लागू आहे, आणि पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) बोगद्यात वाळू आहे का ते टॉर्च लावून बघा. दमट हवेचं म्हणाल तर गंज स्लीव्हला आणि बॅरलला सारखाच चढतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर प्लग काढून चमचाभर तेल आत सोडा आणि किक चार वेळा हळू फिरवा.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात यामाहा आरएक्स १००चा ब्लॉक मिळतोय, त्यावर जपान असं उठावात आहे. विकणारा स्टँडर्ड बोअरचा नवा माल म्हणतो. घ्यावा का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : १९८५ मध्ये आरएक्स १०० आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या भागांवर जोडल्या गेल्या, म्हणून त्या शब्दाला बाजारात एवढी किंमत आहे. पण अक्षरं पॅटर्नवरून येतात हे वर लिहिलंच आहे. पुढच्या बुधवारी किंवा रविवारी जाताना व्हर्नियर घेऊन जा. स्टँडर्ड बोअर ५० मिमी आहे. एक्झॉस्ट पोर्टच्या आत खोलवर बोट घाला, काजळी लागली तर तो नवा नाही. फ्लँजच्या भोकांभोवती नट आवळल्याचे गोल व्रण रंगाखाली दिसतात का पाहा. बोअर गोल असेल, पोर्ट सारखे असतील आणि जुन्या ब्लॉकच्या किमतीत देत असेल तर घ्या. त्या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी जावाचं इंजिन उघडलं होतं आणि ते काम तसंच राहिलं. ब्लॉक ट्रंकेत आहे, आत पिस्टन जाम झालेला आहे, पिन काढलेली आहे. मुलाला गाडी पुन्हा उभी करायची आहे. हातोडीने ठोकलं तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हातोडी अजिबात नको. पिस्टनची कड फुटते आणि तुकडा पोर्टमध्ये अडकून बोअरला चर पडतो.

ब्लॉक उभा ठेवा, पोर्ट मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करा आणि पिस्टनच्या डोक्यावर निम्मं डिझेल, निम्मं पातळ तेल ओता. आठ दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं घाला. मग तेल काढून ब्लॉक पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पुष्कळ जण अशा वेळी ब्लॉक तापवतात, पण सगळाच तापला तर आतलं ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं आणि पिस्टन आणखी पकडतो. गार केला तर तोच पिस्टन बिडापेक्षा जास्त आकसतो. सकाळी काढल्याबरोबर पिस्टनपेक्षा थोडा लहान लाकडी ठोकळा डोक्यावर ठेवा आणि व्हाइसमध्ये किंवा प्रेसखाली हळूहळू दाबा. पहिल्या दिवशी केसभर हलला तरी पुष्कळ. पुन्हा तेल, पुन्हा फ्रीजर. घाई करू नका. माझ्याकडे एक ब्लॉक सुटायला तीन आठवडे लागले होते आणि तो आजही चालतो आहे.

पिस्टन बाहेर आला की पुसून त्याच्या डोक्यावर पाहा. काजळीखाली ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० असा आकडा खोदलेला असेल, काहीच नसेल तर स्टँडर्ड. मुलाला तो आकडा आणि बोअरच्या आत हात लावून जिथे गंजाचे खड्डे जाणवतील त्या जागा कागदावर काढून मला पाठवायला सांगा. त्यावरून ब्लॉक आणखी एक बोअर सोसेल का, की स्लीव्ह लागेल, ते पुढच्या अंकात लिहितो. आणि रिंग तुटल्या तरी तुकडे फेकू नका, पिस्टनबरोबर एकाच डब्यात ठेवा.